अठरा मिनिटं

पहाटे ५

पहाटेची गाडी बदलापुरात शिरताना भोंगा देते, तोच माझा गजर. अंथरुणात पडल्या पडल्या मी त्या भोंग्याची पट्टी ओळखते. सवय वडिलांनी लावलेली. ते अंबरनाथच्या ऑर्डनन्समध्ये होते. कारखान्याचा भोंगा झाला की आम्हा भावंडांना विचारायचे, "सांगा, कुठला सूर?" बरोबर सांगणाऱ्याला पेटीवर बसायला मिळायचं.

आज ४ नोव्हेंबर. उद्या मराठी रंगभूमी दिन. ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं, तो दिवस. उद्या रात्री कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिरात आमच्या 'सौभद्र'चा प्रयोग आहे आणि ऑर्गनला मी आहे. आमच्या म्हणजे बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या तीन गावांतल्या वीस-बावीस माणसांच्या. कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी एमआयडीसीत, दोघे निवृत्त. पूर्वीच्या नाटक मंडळ्यांचं सगळं एका बिऱ्हाडात असायचं. एकत्र जेवण, एकत्र तालीम, महिन्याचा पगार. आमचं बिऱ्हाड म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक. कोणाची गाडी किती वाजता अंबरनाथला लागते, त्यावर कुठला प्रवेश आधी घ्यायचा ते ठरतं.

घरी ऑर्गन नाही, हातपेटी आहे. म्हणून बोटांचा रियाज इथे आणि पायांचा अंबरनाथला. सकाळी मी पदं वाजवत नाही, पट्ट्या वाजवते. आमचा अर्जुन काळी दोनमध्ये गातो, कृष्ण काळी एकमध्ये, सुभद्रेची काळी चार, रुक्मिणीची काळी पाच. एकच यमन चार घरांतून काढायचा तर बोटांना चार वेगळे रस्ते पाठ हवेत. एका प्रवेशात कृष्ण आणि रुक्मिणी दोघंही गातात. मधे चार वाक्यांचं बोलणं. तेवढ्यात मला एका घरातून दुसऱ्या घरात जाऊन, दार वाजू न देता, नव्या षड्जावर बसायचं असतं. प्रेक्षकाला ते कळलं नाही, तर मी बरं वाजवलं.

सकाळी ७.१५

शिकवणी. दोन मुलं, एक आजोबा. आजोबा सत्तरीत पेटी शिकायला लागले आणि दोन्ही मुलांपेक्षा त्यांचा अभ्यास पक्का असतो.

सकाळी ८.३०

सरांचा फोन. सर म्हणजे आमचे दिग्दर्शक. शाळेतून निवृत्त झाले, पण सरच राहिले.

"ताई, काल घड्याळ लावलं होतं. मध्यंतर धरून तीन तास अठरा मिनिटं."

"मग?"

"तीनच्या आत पडदा पाडायचाय. नाट्यगृहाची वेळ आहे, टेम्पो भरायचाय आणि शेवटची कर्जत आहे. अठरा मिनिटं काढायची. तुम्ही प्रत बघून ठेवा, संध्याकाळी ठरवू."

प्रयोगाच्या आदल्या दिवशी हा फोन दर वेळी येतो. तरी पोटात कालवतंच.

सकाळी ९

स्वयंपाक उरकून प्रत घेऊन बसले. ही प्रत वडिलांची. जुनी छापील, कापडी बांधणीची, कडा पिवळ्या पडून पापडासारख्या झालेल्या. उलटताना पानाखाली तळहात धरावा लागतो. तिच्या समासात तीन रंगांच्या खुणा आहेत. निळी पेन्सिल सगळ्यांत जुनी. ती कामगारांच्या नाटकांचे दिवस असतानाची, अंबरनाथमध्ये ऑर्डनन्स आणि काड्यापेटीचा कारखाना या दोन्हींकडची माणसं संध्याकाळी तालमीला जमायची तेव्हाची. मग लाल पेन्सिल. मग माझं बॉलपेन, ज्याबद्दल आता वाईट वाटतं. पेन्सिल खोडता येते.

निळ्या खुणा थोड्या आहेत. निळ्या पेन्सिलीच्या काळात 'सौभद्र' साडेचार-पाच तास चालायचं, असं वडील सांगायचे. आणि तेही मूळच्या मानाने कापलेलंच. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली हे नाटक आणलं तेव्हा त्यात शंभराच्या वर पदं होती. त्याच्या दोन वर्षं आधी, ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला, तोही पहिल्या चारच अंकांचा. पुढे पुढे तर रात्री लागलेलं नाटक उजाडेपर्यंत चालायचं. एखादं पद रंगलं की वन्स मोअर, पुन्हा वन्स मोअर. बालगंधर्वांच्या जमान्यात एका पदाला किती वेळ लागेल, हे गाणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मर्जीवर होतं. घड्याळाला त्यात स्थान नव्हतं.

ती रात्र गेली. संगीत नाटकाचं काय हरवलं असं कोणी विचारलं, की लोक सांगतात आवाज गेले, ऐकणारे गेले. मला ते पटत नाही. आवाज आहेत. एकट्या बदलापुरात, कात्रपपासून बेलवलीपर्यंत, मला दहा-बारा चांगले गळे ठाऊक आहेत. ऐकणारेही आहेत. गेली ती रात्र. संपूर्ण, मोकळी, दुसऱ्या दिवसाची काळजी नसलेली रात्र. 'मत्स्यगंधा'ला १९६४ साली संगीत देताना जितेंद्र अभिषेकींनी पदांची बांधणीच आटोपशीर केली, आणि १९६७ चं 'कट्यार काळजात घुसली' तर नव्या वेळेत नवा जीव ओतणारं निघालं. त्यांनी नव्या मापाचा अंगरखा शिवला. 'सौभद्र' मात्र जुन्या मापाचं आहे. त्याला आपण शिवण उसवून, आत दुमडून, आजच्या अंगावर बसवतो.

आणि दुमडताना कापड नेहमी एकाच जागी खातात. तिन्ही रंगांच्या खुणा मी आज पहिल्यांदा सलग पाहिल्या. निळी असो, लाल असो की माझी, अर्जुनाच्या पदांना हात लावलेला नाही. सुभद्रेच्या, कृष्णाच्या, नारदाच्या पदांनाही जवळजवळ नाही. गेली ती बलरामाची, रुक्मिणीची आणि दासी-परिचारकांची. ज्यांना मुळात चार-दोन पदं होती, त्यांची चाराची दोन झाली आणि दोनाचं एक. आमच्या रुक्मिणीकडे आता एकच उरलंय. चार मिनिटांचं.

बेरीज मांडली. सूत्रधार-नटीच्या संवादातून चार मिनिटं. वक्रतुंडाच्या प्रवेशातून चार. बलरामाचं पद तीन. अर्जुनाच्या आलापीतून तीन, तो ऐकला तर. चौदा झाली. चार उरली.

पेन्सिल खाली ठेवली आणि डबा भरायला उठले.

सकाळी ११.४०

उल्हासनगर. परवाच्या तालमीत अर्जुनाची कफनी खांद्यापासून कमरेपर्यंत फाटली. दुसऱ्या अंकापासून तो यतीच्या वेषात असतो, सगळा खेळ त्या कफनीवर. आमच्याकडे कपडेपटाला वेगळं माणूस नाही. ज्याच्या वाटेवर बाजार, त्याने आणायचं.

कॅम्प दोनमधल्या गजानन मार्केटात माझं एक ठरलेलं दुकान आहे. शेठ तिसऱ्या पिढीचे. आजोबा फाळणीनंतर सिंधहून आले आणि कल्याण कॅम्पात उतरले. युद्धकाळात लष्करासाठी बांधलेल्या बराकींमध्ये तेव्हा नव्वद हजारांच्या वर माणसं येऊन राहिली. ८ ऑगस्ट १९४९ ला त्या छावणीचं उल्हासनगर झालं, आमच्याच बदलापूरवरून वाहत जाणाऱ्या उल्हास नदीच्या नावावरून.

"ताई, भगवा दाखवू की केशरी?"

"गडद भगवा. आणि चमक नको."

हे एका प्रयोगात चांगलंच कळलं होतं. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली सुरेख दिसणारा भगवा रंगमंचावरच्या पिवळ्या-नारिंगी दिव्याखाली पार विरून जातो आणि यती पांढऱ्या कपड्यातला वाटतो. विटकरीकडे झुकणारा रंग घेतला, तर तो दिव्याखाली भगवा दिसतो. पॉलिस्टर तर अजिबात नको, ते लकाकतं. शेठनी तीन ताके काढले. मी मोबाइलच्या दिव्यावर पिवळा जिलेटिनचा तुकडा धरून तिन्ही कापडांवरून फिरवला. तो तुकडा माझ्या पर्समध्ये कायम असतो. तिसरा ताका बरोबर निघाला. साडेचार मीटर.

कापड फाडताना शेठ म्हणाले, "परवा एक तारखेला संतजींची पुण्यतिथी झाली. भजन होतं, तुमची आठवण आली."

संतजी म्हणजे भगत कंवरराम. भगत हा सिंधी लोकांचा रात्रीचा खेळ. अंगात घोळदार जामो, पायात घुंगरू, गाणं, मधेच गोष्ट, मधेच नाच, आणि माणसं उघड्यावर बसून ऐकतायत. कंवररामांनी ते गाणं सिंधमध्ये गावोगाव नेलं आणि पदरात पडलेले पैसे तिथल्या तिथे गरिबांना वाटले. १ नोव्हेंबर १९३९ ला रुक नावाच्या स्टेशनावर त्यांना गोळ्या घालून मारलं. शेठच्या आजोबांनी त्यांना लहानपणी ऐकलं होतं. रात्री बसले आणि उजाडल्यावर उठले, एवढंच ते सांगायचे. काय गायले ते सांगताना त्यांना शब्द पुरत नसत.

"आता भगत होते का हो रात्रभर?"

"कुठे ताई. दुकान दहाला उघडायचं असतं."

मी कापडाची पिशवी घेऊन तिथेच थोडी थांबले. कल्याणपुढच्या या पट्ट्यात रात्र रात्र गाणारी दोन माणसं शेजारी शेजारी राहतात, एक सिंधहून आलेलं, एक देशावरचं आणि कोकणातलं. दोघांचीही रात्र एकाच रेल्वेने आणि एकाच दुकानाच्या शटरने नेली. इतकी वर्षं आम्ही यांच्याकडून कापड घेतोय आणि त्यांच्या भगतचं एकही गाणं मी ऐकलेलं नाही, हे मला आज लागलं. पुढच्या १ नोव्हेंबरला यायचं कबूल केलं. शेठनी डायरीत लिहून घेतलं.

दुपारी २

अंबरनाथ पूर्व. वडिलांचं जुनं घर, त्याच्या पुढच्या खोलीत ऑर्गन. आमच्या तालमीही इथेच. खोली मोठी नाही, पण भिंती जाड आहेत आणि शेजारी सोशीक.

हा ऑर्गन अमेरिकन आहे. पुढच्या फळीवर सोनेरी अक्षरं आता अर्धी पुसली गेलीत, तरी वाचता येतात: एस्टी, ब्रॅटलबरो, व्हर्मॉन्ट. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९६० पर्यंत त्या एका गावातून पाच लाखांच्या वर ऑर्गन बाहेर पडले. चर्चसाठी, शाळांसाठी, शेतावरच्या घरांतल्या बैठकीच्या खोलीसाठी. त्यातले काही आपल्या देशात आले, आणि तिथल्या प्रार्थनागीतांसाठी घडलेला सूर इथे 'स्वयंवर' आणि 'मानापमान'च्या पदांमागे उभा राहिला. किर्लोस्करांच्या काळात साथीला सारंगी-तबला असायचा. 'मानापमान'च्या १९११ च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि ते स्वतः पेटीचे बादशहा. ऑर्गन मराठी कानाला रुळला तो पुढे गंधर्व मंडळीमुळे.

पेटी आणि ऑर्गन यांत फरक काय, असं शिकवणीतली मुलं विचारतात. पेटीत भाता हवा ढकलतो, ती रीडमधून बाहेर पडते. अमेरिकन ऑर्गनमध्ये भाता हवा खेचतो, ती रीडमधून आत जाते. ढकललेला सूर टोकदार लागतो, खेचलेला मऊ आणि भरीव. त्या मऊपणामुळे गाणाऱ्याला मागे गादी घातल्यासारखं वाटतं. त्याचा श्वास संपला तरी सूर संपत नाही. मात्र ती गादी माझ्या पायांवर असते. दोन पायटे, एक खाली गेला की दुसरा वर. अर्जुनाने तान लांबवली की माझ्या पोटऱ्या सांगतात, किती लांबवली ते.

काल मधल्या सप्तकातला एक सूर मुका झाला होता. पट्टी दाबली की नुसती फुसफुस. नेमका रुक्मिणीच्या पदातला पंचम. आज दुपार त्यासाठीच राखलेली.

मागची फळी उतरवली. आत पितळी रीडांची रांग, प्रत्येक आपापल्या खोबणीत, उघड्या कपाटातल्या चमच्यांसारखी. रीड हाताने निघत नाही. त्याला पुढे वाकवलेला एक चपटा आकडा लागतो. वडिलांनी तो कारखान्यातून आल्यावर घरी बसून कानशीने घासून केला होता. रीडच्या टोकाच्या खाचेत आकडा अडकवायचा आणि सरळ ओढायचं. जरा तिरकं ओढलंत तर खोबणीचं लाकूड झिजतं आणि मग रीड कायमची सैल. रीड बाहेर आली. बोटाच्या दोन पेरांएवढी, मधे पितळेची पातळ जीभ. खिडकीच्या उजेडात धरली. जिभेच्या आणि चौकटीच्या मधल्या फटीतून उजेडाची सलग रेघ दिसली पाहिजे. रेघ मधे एके ठिकाणी तुटली होती.

मोहरीच्या अर्ध्याएवढा गुलाबीसर कण. रंगभूषेची पावडर, पावसाळ्याच्या ओलीने घट्ट झालेली. मागच्या प्रयोगात रंगपटाच्या दारातच ऑर्गन ठेवायला जागा मिळाली होती, तिथली. जिभेला नख लावायचं नाही, नाहीतर सूर हलतो. मऊ ब्रशने दोनदा, मग पातळ कागदाची पट्टी फटीतून एकदा. कण पडला. रीड परत सारली, फळी न लावताच पायटे मारले, पट्टी दाबली. पंचम बोलला. इतका स्वच्छ की शेजारचे सूर तेवढे स्वच्छ वाटत नव्हते.

मग दोन तास पायांचा रियाज.

दुपारी ४.३०

भाचीचा आवाजी निरोप. ती अमेरिकेत एका मध्यम शहरात असते. तिथे त्या शहराची ऑपेरा कंपनी आहे, वर्षाला तीन-चार ऑपेरा करणारी. गायक बाहेरगावहून येतात, तालमीचे आणि प्रयोगाचे काही आठवडे गावातल्या रसिकांच्या घरी राहतात. मला हे ऐकून आपली गावोगाव उतरणारी नाटक मंडळीच आठवते. काल तिने मोझार्टचा 'फिगारो' पाहिला, १७८६ चा. ऑपेऱ्यात आपल्यासारखं मोकळं बोलणं फार नसतं, गाण्यातूनच सगळं पुढे जातं, आणि वाद्यवृंद रंगमंचासमोरच्या खड्ड्यात बसतो.

"मावशी, चौथ्या अंकात मार्चेलिना आणि बाझिलिओ यांची एकेक आरिया आहे. दोन्ही गाळलेल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाले, बहुतेक सगळीकडे गाळतातच."

का, तेही तिने विचारलं होतं. गोष्ट शेवटाकडे निघालेली असते, दुय्यम पात्रांच्या गाण्याने ती थांबते. शिवाय अनेक कंपन्यांत तीन तासांच्या पुढे वादकांना जादा पैसे द्यावे लागतात.

मी तो निरोप दोनदा ऐकला. व्हर्मॉन्टच्या ऑर्गनसमोर बसून. तिथेही तीन तास. तिथेही बाझिलिओ.

मला वाटतं, गोष्ट थांबते हे कारण खरं असलं तरी पुरेसं नाही. रुक्मिणी गाते तेव्हा गोष्ट थांबते, पण द्वारकेच्या वाड्यात सुभद्रा आणि अर्जुन सोडून आणखीही कोणी राहतं, हे तेव्हाच कळतं. ते पद काढलं की रुक्मिणी निरोप आणणारी बाई होते. शिवाय आमच्यासारख्यांत आणखी एक गोष्ट असते. मुख्य भूमिका पंधरा-वीस वर्षं त्याच माणसांकडे असतात. नव्या मुलीला गायला मिळतं ते रुक्मिणीचंच पद. ते कापलं की पुढची सुभद्रा तयार कुठे व्हायची?

संध्याकाळी ६.३०

तबलजी काका आले. आल्या आल्या तबला काळी दोनला लावून घेतला आणि दुसरा, काळी चारचा, पिशवीतून काढला. काही बोलले नाहीत. प्रयोगाच्या आदल्या दिवशी ते बोलत नाहीत.

संध्याकाळी ७.५०

गाड्या लागल्या तशी माणसं आली. नारद बँकेतून, कृष्ण एमआयडीसीतून, बलराम ट्यूशन क्लास संपवून. इथे कोणी कोणाला नावाने हाक मारत नाही. अंबरनाथच्या प्लॅटफॉर्मवर "ए बलराम, रिक्षा थांबव" असं ओरडलेलं मी ऐकलंय. रुक्मिणी सगळ्यांत शेवटी. कुर्ल्याच्या ऑफिसातून सहा चाळीसची मिळाली नाही म्हणून उभ्याने आली, दारातून, वाऱ्यात. आली तशी आधी गरम पाणी प्यायली.

रंगीत तालीम नांदीपासून. पहिला अंक धावला, दुसरा बरा. कृष्ण आणि रुक्मिणीच्या प्रवेशात मी घर बदललं आणि पंचमावर थोडा जास्त वेळ राहिले, तो दुरुस्त झालाय हे तिला कळावं म्हणून. तिने वळून पाहिलं नाही, पण त्या पंचमावर ती कालच्यापेक्षा दोन मात्रा जास्त थांबली. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, दिवसाचे चार तास गाडीत काढणारी. आणि तरी त्या सुरात थकवा नव्हता. काकांनी ठेका जरा मोकळा केला. एरवी ते करत नाहीत.

दुसऱ्या अंकानंतर राजवाडा काढून रैवतकाचा डोंगर लावायचा असतो. नेपथ्याची दोन मुलं, दोन्ही उल्हासनगरच्या फर्निचरच्या कारखान्यातली, हातात कसब असलेली. पण डोंगराला आठ बोल्ट आहेत. तोवर पडदा बंद आणि मी ऑर्गनवर सुरावट धरून बसलेली. आज सहा मिनिटं लागली.

रात्री ९.४०

मध्यंतरात वडापाव आणि निर्णय. सर, मी आणि काका बाहेर पायरीवर बसलो. मी बेरीज वाचली. सूत्रधार-नटी, वक्रतुंड, बलराम. बलराम शेजारीच उभा होता, "घ्या" म्हणाला. तो मोठ्या मनाचा आहे आणि त्याचं दर वेळी काढलं जातं, या दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या आहेत. अर्जुनाला सरांनी सांगितलं. त्याने मान हलवली, आणि मध्यंतरानंतर कालच्याएवढाच गायला. सरांनी घड्याळाकडे बघून मला बोटांनी खूण केली: उद्या ऐकेल.

"आणि चार," सर म्हणाले.

"रुक्मिणीचं पद सोडून कुठलीही चार काढा," मी म्हटलं.

"कुठली काढू सांगा ना ताई. सुभद्रेचं काढू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सरांनी तिला हाक मारली आणि स्वतः सांगितलं, दुसऱ्याकडून कळू दिलं नाही. ही त्यांची रीत मला मान्य आहे. ती म्हणाली, "चालेल सर." मग वडापावचा कागद नीट चौकोनी घडी करून पिशवीत ठेवला.

रात्री ११.२०

तालीम सुटली. ऑर्गनवर चादर टाकली, उद्या दुपारी टेम्पो येईल. नेपथ्याच्या मुलांनी डोंगर भिंतीला लावला.

बदलापूरची आम्ही दोघीच. लेडीज डब्यात चार-पाच बायका, एक भाजीच्या टोपलीला टेकून झोपलेली. गाडी सुटली तशी रुक्मिणी खिडकीकडे तोंड करून पद म्हणू लागली. मोठ्याने नाही, स्वतःपुरतं, पण पूर्ण. ध्रुपद, पहिला अंतरा, परत ध्रुपद. अंबरनाथ ते बदलापूर हा या मार्गावरचा लांबलचक टप्पा, त्यामुळे मधे कुठलं स्टेशन आलं नाही. मी सवयीने पायांच्या टाचा हलवत होते. दुसरा अंतरा संपला तेव्हा बदलापूरचे दिवे दिसायला लागले होते.

"ताई, पुढच्या प्रयोगाला घ्याल ना?" तिने विचारलं.

"बघते," म्हटलं. पुढचा प्रयोग केव्हा आहे, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नाही.

रात्री १२.२५

पाय दुखतायत, झोप नाही. प्रत उघडली. समासातल्या निळ्या, लाल, काळ्या खुणांवरून बोट फिरवत दुसऱ्या अंकाच्या शेवटाशी आले. तिथे वडिलांच्या निळ्या पेन्सिलीत एवढंच लिहिलंय: "पडदा. सुरावट. २ मि." दोन. त्यांच्या वेळी राजवाडा आणि डोंगर दोन्ही रंगवलेले पडदे होते. एक वर गेला की दुसरा खाली. आम्ही लाकडी डोंगर केला, देखणा केला, आणि त्याच्या आठ बोल्टांना सहा मिनिटं दिली. सगळी काटछाट मी पदांत आणि संवादांत शोधत होते. पडदा बंद असतानाचा वेळ मी मोजलाच नव्हता, कारण तेव्हा मी वाजवत असते.

नेपथ्याच्या मुलाला निरोप टाकला. जागा असेल तर बघेल, म्हणून. "डोंगर आधीच विंगेत जोडून ठेवला आणि चाकांच्या पाटावरून आणला तर? दोन मिनिटांत होईल का?"

पाच मिनिटांनी उत्तर आलं. "चाकं कारखान्यात आहेत ताई. सकाळी बसवतो. दोन नाही होणार. तीन लागतील."

सहातून तीन गेली की तीन उरतात. पद चार मिनिटांचं. दुसऱ्या अंतऱ्यानंतरचं ध्रुपद एकदाच घेतलं आणि तिने तो पंचम जरा आवरला, तर... नाही, पंचम आवरायचा नाही. पहिल्या अंतऱ्याआधीची माझी ऑर्गनची सुरावट काढते. ती जवळजवळ मिनिटाची आहे.

बॉलपेन बाजूला ठेवलं, पेन्सिल घेतली. रुक्मिणीच्या पदाशेजारी लिहिलं, "घेणे. ३ मि. सुरावट नाही, थेट काळी पाच." सरांना सकाळी साडेसहाला फोन करायचा, ते तेव्हा उठलेले असतात. तिला मात्र आत्ताच कळवलं.

तिची गाडी सकाळी सात बाराची. अजून जागी होती.